खरवडलेला डोंगर

एका बेटावर एक तांडेल राहत होता आणि त्याला घाण म्हणून बघवत नसे. तांडेल म्हणजे गलबताचा म्होरक्या. याचं नाव पदाजी. त्याच्या गलबताचा तळ इतका लख्ख असे, की त्याची बायको चांगुणा म्हणायची, "ह्याच्यावर भात वाढला तरी चालंल." आणि हाच पदाजी घरात पाऊल टाकताना तिला म्हणायचा, "उंबऱ्यावर वाळू हाय." स्वच्छतेचं वेड चांगलंच, पण त्याचा जाच काय असतो ते घरच्यांनाच ठाऊक.

बेट समुद्रात बरंच आत होतं. आकाराने लांबुडकं, माशासारखं. माशाच्या मधोमध काटा असतो, तशी बेटाच्या मधोमध उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत डोंगररांग होती. लोक तिला काटाच म्हणत. वारा पश्चिमेकडून ढग घेऊन यायचा आणि काट्याला अडायचा. त्यामुळे पश्चिमेच्या उतारावर धो धो पाऊस. पूर्वेच्या उतारावर मात्र पावसाळा सरला की थेंब नाही. गंमत अशी, की गाव होतं पूर्वेलाच. पश्चिमेचा दर्या कायम खवळलेला, तिथे होडी टिकत नसे. पूर्वेला डोंगराच्या आडोशाने शांत बंदर होतं. म्हणून गावाचं नाव आडबंदर. पाणी बघावं तर होडी फुटते, होडी बघावी तर पाणी नाही. गावाच्या पूर्वजांनी होडीचं ऐकलं.

मग गाव प्यायचं काय? काट्याच्या माथ्यावरून एक झरा उतरायचा. मनगटाएवढी धार. पाऊस जाऊन सहा महिने झाले तरी धार तेवढीच. हे पाणी येतं कुठून, असं गावात कुणी कधी विचारलं नव्हतं. रोज आपसूक मिळणाऱ्या गोष्टीची चौकशी कोण करतो?

काट्यावर चढायला लागलं की दर हजार पावलांवर जंगल बदलायचं. पायथ्याशी केवडा आणि उंडीची झाडं. त्यावर चौघांच्या कवेत न मावणारे बुंधे, त्यांच्या ढोलीत धनेश पक्ष्यांची घरटी. त्याच्याही वर, अगदी माथ्यावर, सगळंच लहान व्हायचं. झाडं माणसाच्या दीडपट उंच, वाऱ्याने पिळवटलेली, आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत शेवाळाने मढलेली. सात शिखरं होती, आणि दर शिखरावर झाडांच्या शेवाळात रुजणाऱ्या आमरीच्या फुलाचा रंग वेगळा. शिवाय तिथे करंगळीच्या नखाएवढा एक बेडूक राहायचा. तो जगात दुसरीकडे कुठेही नव्हता. त्याला तळं लागत नसे की डबकं. ओल्या शेवाळात तो अंडी घालायचा, आणि अंड्यातून शेपटीवालं पिल्लू न येता थेट एवढासा बेडूकच बाहेर यायचा. दिवसभर तो टिक टिक करायचा, म्हणून लोक त्याला टिकटिक्या म्हणायचे. म्हणजे ज्यांनी त्याला ऐकलं होतं, ते लोक. दर्यावरची माणसं काट्यावर कशाला चढतात?

आता या बंदरातली एक रीत सांगितली पाहिजे. महिन्यातून एकदा ओहोटीला होड्या वाळूवर आडव्या करायच्या आणि तळाला चिकटलेलं शेवाळ न् शिंपले रुंद पात्याच्या खुरपीने खरवडून काढायचे. शेवाळ साचलं की होडी जड होते आणि लाकूड कुजतं. आडबंदरातलं पोर चालायला लागलं की पहिलं हेच शिकायचं, शेवाळ दिसलं की खरवडायचं. ज्याचा तळ सगळ्यात स्वच्छ, त्याला वर्षातून एकदा गावाकडून मानाचं पागोटं मिळायचं. पांढरंशुभ्र, वीस हात लांब. पदाजीला ते चार वेळा मिळालं होतं. तो ते जेवतानाही काढत नसे.

एकदा पदाजीचं गलबत वादळात सापडलं. तो काट्यावरच्या देवीला नवस बोलला आणि सुखरूप परतला. कार्तिक महिन्यात तो आपल्या दहा खलाशांना घेऊन नारळ वाहायला माथ्यावर गेला. आणि तिथली झाडं बघून त्याने कपाळाला हात लावला.

"अरे देवा! देवीच्या दारात ही दशा?" तो म्हणाला. "एक झाड धड नाय. सगळी शेवाळानं खाल्लेली. कुजून जातील बिचारी!"

लबाडी त्याच्या मनात तिळभरही नव्हती. त्याला खरोखर कीव आली होती. दुसऱ्या दिवशी तो दहा खलाशी आणि दहा खुरप्या घेऊन परत वर चढला.

माथ्यावर धाकू नावाचा एक मध काढणारा राहायचा, तो आणि त्याची बायको सोनी. धाकू धावत आला.

"तांडेल, ही घाण नाय. हात नका लावू."

"मग काय हाय?"

"काट्याचं अंगडं हाय. झाडं उघडी केलीत तर तुमच्या तोंडचं पानी जाईल, सांगून ठेवतो!"

खलाशी खो खो हसले. पदाजीही हसला. होडीच्या तळाचं ज्ञान त्याला होतं. मध काढणाऱ्याने त्याला शेवाळाबद्दल शिकवावं? त्याने महिनाभर खपून सातही शिखरं खरवडली. फक्त एक झाड राहिलं. ते धाकूच्या अंगणात होतं, आणि धाकू त्याच्या बुंध्याला पाठ लावून उभा राहिला, तो हललाच नाही. "राहू दे," पदाजी म्हणाला, "एखाद्याला घाणीची हौस असते."

गावाने पदाजीला पाचव्यांदा पागोटं बांधलं. डोंगर घासणारा पहिला तांडेल म्हणून वाजतगाजत मिरवणूक काढली. चांगुणेने ओवाळलं आणि हळूच म्हणाली, "आता दर्याचा तळ तेवढा राह्यला."

पौषात झरा मनगटाचा अंगठ्याएवढा झाला. माघात करंगळीएवढा. फाल्गुनात एक हंडा भरायला सकाळ जाऊ लागली. बायका रांगेत भांडू लागल्या. म्हाताऱ्यांना पाणी मोजून मिळू लागलं. असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे कुणाला तरी दोषी ठरवणं भाग होतं. दोषी शोधायला अशा वेळी वेळ लागत नाही.

"धाकूनं शाप दिलाय," एक जण म्हणाला. "तोंडचं पानी जाईल, हेच त्याचं बोलणं."

"शाप कसला? त्यानं वरती झरा अडवलाय," दुसरा म्हणाला.

दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असणं शक्य नव्हतं. पण तहानलेल्या गावाला दोन्ही पटल्या. जेठाजी पाटलांनी निवाडा दिला. येत्या पुनवेला सकाळच्या भरतीला धाकूला आणि सोनीला गलबतात बसवायचं आणि दूरच्या किनाऱ्यावर सोडून यायचं. पुन्हा बेटावर पाऊल ठेवायचं नाही. नेणारं गलबत पदाजीचं.

पदाजीला निवाडा रास्त वाटला. पण तो नेटका माणूस होता. पुनवेच्या आदल्या दिवशी तो पहाटेच काट्याकडे निघाला. धाकूने झरा कुठे अडवलाय ते शोधू, बांध फोडू, म्हणजे काम तळापासून साफ.

दुपारी तो माथ्यावर पोचला. त्याने झऱ्याचा उगम धुंडाळला. बांध नव्हता. दगड नव्हता. नुसती भेगाळलेली माती. त्याने घासलेली झाडं रांगेने उभी होती, स्वच्छ, तपकिरी आणि निम्मी वाळलेली. आमरीचं एकही फूल नव्हतं. टिकटिक्याचा आवाज नव्हता. पदाजीला ती स्वच्छता पहिल्यांदाच आवडली नाही.

इतक्यात पश्चिमेकडून धुकं चढलं. काट्यावर दुपारी धुकं येतंच. ते दाट होतं, गार होतं, आणि त्याने घासलेल्या झाडांमधून ते सरळ निघून गेलं. एकाही झाडाने त्याला धरलं नाही.

वाऱ्याने पदाजी काकडला. आडोशाला म्हणून तो धाकूच्या अंगणातल्या त्या न घासलेल्या झाडाखाली शिरला. टप. पागोट्यावर थेंब पडला. टप टप टप. "पाऊस!" पदाजी आनंदाने ओरडला आणि उघड्यावर धावला. उघड्यावर पाऊस नव्हता. तो परत झाडाखाली आला. पाऊस! तो बाहेर गेला. नाही! असा तो चार वेळा आत-बाहेर झाला. दारातून सोनी बघत होती. तांडेलाला चळ लागला असं तिला वाटलं असल्यास नवल नाही.

मग पदाजीने वर बघितलं. फांद्यांवरच्या शेवाळाच्या दाढ्या धुकं पीत होत्या. प्यायच्या, फुगायच्या आणि टोकाटोकातून खाली गाळायच्या. बुंध्यावरून पाणी ओघळत होतं, मुळांशी मुरत होतं. त्या एका झाडाखालची माती चिखल झाली होती. शेवाळात कुठेतरी एकच टिकटिक्या बोलत होता. बुंध्याशी ठेवलेली सोनीची घागर काठोकाठ भरली होती.

आडबंदरात कुणाची घागर भरलेली नव्हती.

पदाजी तिथेच चिखलात मटकन बसला. झरा कुणी अडवला नव्हता. झरा इथूनच, या झाडांच्या अंगावरून उतरत होता. धाकूने दिला तो शाप नव्हता, ती साधी सूचना होती. आणि पाणी तोडलं होतं ते पदाजीच्या खुरपीने.

धाकू गाठोडी बांधत होता. त्याने पदाजीकडे एकदा बघितलं. "बघितलंत?" एवढंच म्हणाला. पदाजी चिखलातून उठला. तो उतरायला लागला.

उतरताना त्याचं मन त्याच्याशी भांडत होतं. मन म्हणालं, बोलून उपयोग काय? खरवडलेलं शेवाळ झाडाला परत चिकटतं का? पाणी गेलं ते गेलंच. उगाच आपली अब्रू कशाला घालवायची? धाकू काय, कुठेही मध काढेल. मन मोठं हुशार होतं. घर येईपर्यंत त्याने पदाजीला गप्प बसवलं होतं. चांगुणेने विचारलं, "सापडला बांध?" पदाजी म्हणाला, "नाय." हे खोटं नव्हतं, पण घास काही घशाखाली उतरला नाही. आणि त्या दिवशी उंबऱ्यावरची वाळू त्याला दिसली नाही. चांगुणेने ते बरोबर टिपलं.

पुनवेची सकाळ झाली. भरती चढली. सगळं गाव धक्क्यावर जमलं. धाकू आणि सोनी गलबतात बसले. सोनीजवळ ती भरलेली घागर होती. शिडाचा दोर सोडायला खलाशी तयार झाले.

आता आडबंदरात गलबत सुटण्याआधी एक शपथ असे. तांडेलाने गलबताच्या लाकडावर तळहात ठेवायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "मला ठाऊक असलेली खोट मी लपवली नाय." किनाऱ्यावरच्यांनी म्हणायचं, "दर्या साक्ष." मगच दोर सुटायचा. कारण तळाला भेग असून तांडेल गप्प राहिला, तर बुडतात ती सगळीच माणसं. ही शपथ खोटी घेणारा तांडेल बेटावर आजवर झाला नव्हता.

पदाजीने लाकडावर तळहात ठेवला. हजार वेळा म्हटलेले शब्द. "मला ठाऊक असलेली..." तो म्हणाला, आणि थांबला.

गाव वाट बघत राहिलं. 

"मला ठाऊक असलेली..." त्याने पुन्हा सुरुवात केली. तळहाताखालचं लाकूड स्वच्छ होतं. त्याने स्वतः घासलं होतं. पण पुढचे शब्द काही केल्या निघेनात.

"काय झालं, तांडेल?" पाटील ओरडले. "तळाला भेग हाय काय?"

"गलबताला नाय, पाटील," पदाजी म्हणाला. "खोट माझ्यात हाय. पानी धाकूनं नाय, मी तोडलं. काट्यावरचं शेवाळ धुकं पिऊन पानी गाळतं. तेच पानी आपला झरा. मी ते खरवडून टाकलं, आणि तुमी मला पागोटं बांधलं."

त्याने डोक्यावरचं पागोटं काढलं आणि धक्क्यावर ठेवलं. गावाने पदाजीचं टक्कल त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

 एकच कालवा उठला. कुणी म्हणालं, याला धाकूने भारलंय. कुणी म्हणालं, मग याला बसवा गलबतात! पाटलांचा चेहरा पडला होता, कारण पागोटं त्यांच्याच हाताने बांधलेलं होतं. आणि एक म्हातारा रडवेला होऊन म्हणाला, "आता कबूल करून काय? शेवाळ गेलं. आपन तहानेनंच मरायचं."

तेव्हा गलबतातून धाकू उठला.

"गेलेलं नाय," तो म्हणाला. "शेवाळ सुकलं म्हणून मरत नाय. पानी दिसलं की उठतं. तुमी खरवडून टाकलंत ते मी न् सोनीनं टोपल्या भरभरून मागल्या उताराच्या घळीत, सावलीत नेऊन ठेवलंय. त्यात टिकटिक्यांची अंडी होती, म्हणून. सगळं नाय वाचलं. निम्मं असंल."

"मग आधी का नाय सांगितलंस?" पाटील म्हणाले.

"पहिल्याच दिवशी सांगितलं, पाटील, हात नका लावू म्हणून. तुमची माणसं हसली. नंतर मला कुणी विचारलंच नाय."

पाटलांनी स्वतः गलबतात उतरून सोनीला हात दिला आणि धक्क्यावर घेतलं. सोनीने धक्क्यावर येताच पहिलं काम केलं ते म्हणजे घागर त्या रडवेल्या म्हाताऱ्याच्या तोंडाशी लावली.

त्याच दिवशी सगळं गाव काट्यावर चढलं. जन्मात डोंगर न चढलेली माणसं धापा टाकत चढली. घळीत शेवाळाचे ढीग होते, वरून सुकलेले, आत ओलसर. धाकूने सुकलेली मूठभर उचलून धुक्यात धरली. बघता बघता ती हिरवी झाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पण झाडाला लावायचं कसं? पदाजीने आपलं पागोटं काखेत मारून आणलं होतं. त्याने ते दातांत धरलं आणि टर्रकन फाडलं. एक पट्टी, दोन पट्ट्या, वीस हातांच्या पागोट्याच्या शंभर पट्ट्या. शेवाळ बुंध्यावर थापायचं आणि वरून पट्टी बांधायची. पट्ट्या संपल्या तेव्हा कोळणींनी जुनी, विरलेली जाळी आणली आणि झाडांभोवती गुंडाळली. मासे धरणाऱ्या जाळ्यांनी त्या दिवशी शेवाळ धरलं. आधीची चार पागोटीही चांगुणेने दुसऱ्या दिवशी पेटीतून काढून आणली. "पेटीत जागा झाली," ती म्हणाली. पण बोलताना तिचे डोळे भरले होते, आणि तिने गर्दीत नवऱ्याचा हात घट्ट धरला होता. परवा घास न उतरलेला माणूस आज पोटभर जेवला होता, हे तिला पुरेसं होतं.

त्या दुपारी पुन्हा धुकं आलं. सगळं गाव झाडांखाली श्वास रोखून उभं राहिलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एका पागोट्याच्या पट्टीच्या टोकाला थेंब जमला. लोंबला. टप. शेजारच्या झाडावरून टप. मग इकडून, मग तिकडून. लोक हसायला लागले, तोंडं वर करून जिभा काढून उभे राहिले. पाटीलही राहिले. पदाजी तेवढा हसला नाही. तो बुंध्याला कपाळ टेकवून रडला, आणि त्याला फार हलकं वाटलं.

झरा लगेच मनगटाएवढा झाला नाही. आठ दिवसांनी करंगळीचा अंगठा झाला. पावसाळ्यापर्यंत तेवढं पुरलं. मरायला कुणी टेकलं नाही आणि रांगेतली भांडणंही ओसरली. जी झाडं उघडी राहिली, त्यांच्यावर शेवाळ चढायला पुढे कितीतरी वर्षं लागली, आणि आमरीचा एक रंग मात्र कायमचा गेला. पण टिकटिके परतले. तिसऱ्या वर्षी त्यांचा आवाज माथ्याच्या अर्ध्या वाटेवरून ऐकू यायला लागला.

गावाने त्या वर्षीचं पागोटं धाकूला देऊ केलं. धाकू म्हणाला, "मला डोक्यावर नको. झाडाला लागतं." तेव्हापासून आडबंदरात मानाचं पागोटं माणसाने एक दिवस मिरवायचं आणि मग काट्यावर नेऊन उघड्या झाडाला बांधायचं, अशी रीत पडली.

पदाजी पुढेही गलबताचा तळ लख्ख ठेवायचा. पण त्याच्या हातातली खुरपी आता थोडी विचारी झाली होती. एकदा चांगुणेने त्याला मोरीचा दगड दाखवला.

"ह्याच्यावर बघा केवढं शेवाळ माजलंय. पाय घसरतो माझा. हे तरी खरवडा!"

पदाजीने खुरपी उचलली. दगडाकडे बघितलं. मग खुरपी खाली ठेवली आणि चपला घातल्या.

"कुठं निघालात?"

"आधी धाकूला विचारून येतो," पदाजी म्हणाला.

तात्पर्य: आपल्या डोळ्यांना जी घाण दिसते, ती कुणाचं घर आणि कुणाचं पाणी असू शकते, म्हणून हात घालण्याआधी जाणत्याला विचारावं. आणि विचारायचं राहून जाऊन चूक घडलीच, तर ती उघडपणे कबूल करावी, कारण लपवलेली चूक सगळ्यांना बुडवते आणि कबूल केलेली चूक सगळे मिळून सावरतात.